पाच मिनिटांचा भयपट, कमी पैशांत: आधी काय करायचं आणि नंतर काय

कॉलेजातल्या मुलांचे भयपट बघताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कल्पना चांगली असते, कलाकार जीव तोडून काम करतात, मोबाइलचा कॅमेराही पुरेसा असतो. तरी भीती वाटत नाही. चित्र दाणेदार आणि काळंकुट्ट, आवाजात पंख्याची घरघर, आणि शेवटी भूत समोर आलं की सभागृहात हशा. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: कामांचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी कथा लिहायची, मग तिच्यासाठी जागा शोधत फिरायचं, मग रात्री जाऊन शूट करायचं आणि आवाजाचं ‘एडिटिंगमध्ये बघू’ म्हणून सोडून द्यायचं.

क्रम असा हवा: जागा, भीती, आवाज, शॉट, उजेड आणि सगळ्यांत शेवटी कॅमेरा. भयपटात प्रेक्षक आधी ऐकतो आणि मग बघतो. म्हणून आवाज ठरल्याशिवाय पटकथेचं पहिलं पानसुद्धा लिहू नका.

समजायला सोपं जावं म्हणून सबंध लेखात एकच उदाहरण घेतो. रेवा नावाची मुलगी आजीच्या बंद पडलेल्या गावच्या घरी जमिनीचे कागद न्यायला येते. शेवटची एसटी चुकते म्हणून रात्री तिथंच राहते. मध्यरात्री माजघरातून जात्याची घरघर ऐकू येते. दिवा लावला की थांबते, मालवला की पुन्हा सुरू होते. सकाळी जात्याभोवती ताजं पीठ पडलेलं असतं, आणि हात धुवायला गेलेल्या रेवाच्या तळहातांनाही पीठ लागलेलं असतं. एक कलाकार, एक घर, एक वस्तू. विद्यार्थ्यांच्या पहिल्या भयपटाला एवढं पुष्कळ झालं.

१. जागा आधी पक्की करा

तुम्हाला सहज मिळू शकतील अशा जागांची यादी काढा: कुणाच्या तरी गावचं घर, सुट्टीतलं रिकामं हॉस्टेल, सोसायटीची गच्ची, बंद पडलेलं दुकान. यातून जी जागा सलग दोन दिवस आपल्याच ताब्यात राहील ती निवडा. पडका किल्ला किंवा जुना कारखाना फोटोत भारी दिसतो, पण तिथं वीज नसते, स्वच्छतागृह नसतं आणि मध्येच कुणीतरी येऊन काम थांबवतं.

रेकी, म्हणजे जागेची पाहणी, दोनदा करा. एकदा दिवसा आणि एकदा ज्या वेळी शूट करणार आहात नेमकं त्याच वेळी. दिवसाच्या फेरीत प्लग पॉइंट मोजा, वायरिंग जुनं आहे का बघा, खिडक्यांची मापं घ्या, भिंतींचा रंग लिहून ठेवा. रात्रीच्या फेरीत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड कुठून आत येतो, वीज किती वाजता जाते आणि शेजारी कधी झोपतात ते बघा.

मग खोलीच्या मध्यभागी दहा मिनिटं गप्प बसा आणि मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड करा. पाण्याचा पंप, कुत्री, देवळाचा भोंगा, लांबून जाणारी रेल्वे, इन्व्हर्टरची गुणगुण यांतलं पुष्कळ काही कानाला तिथं बसल्याबसल्या जाणवत नाही. हेडफोन लावला की सगळं उघडं पडतं. पावसाळ्यात शूट असेल तर रातकिड्यांकडे विशेष लक्ष द्या. एका शॉटमध्ये रातकिडे आणि पुढच्या शॉटमध्ये शुकशुकाट असेल तर एडिटिंगमध्ये ते जुळवताना नाकी नऊ येतात.

तपासा: कलाकारापासून हातभर अंतरावर मोबाइल धरून एक वाक्य कुजबुजत्या आवाजात रेकॉर्ड करा. हेडफोनवर शब्द न् शब्द कळला तर जागा चालेल. नाही कळला तर जागा बदला, कितीही भुताळ दिसत असली तरी.

२. भीती एका वाक्यात लिहा

‘एका वाड्यात भूत आहे’ ही भीती नव्हे, ती फक्त बातमी झाली. ‘जे दळतंय ते मीच असेन तर?’ ही भीती. असं एक वाक्य सापडत नसेल तर पुढे जाऊ नका. ते सापडलं की कुठला शॉट ठेवायचा आणि कुठला टाकायचा हे त्यावरूनच ठरतं.

यानंतर दोन प्रश्नांची उत्तरं कथेतच द्यावी लागतात. पात्र निघून का जात नाही? आणि कुणाला फोन का करत नाही? रेवाची एसटी चुकते, गावात दुसरी सोय नाही, हे पहिल्या मिनिटात कळलं पाहिजे. फोनची बॅटरी संपली ही पळवाट आता प्रेक्षकाला पाठ झाली आहे. त्यापेक्षा फोन चालू ठेवा. रेवा आईला फोन लावते, आणि आई विचारते, ‘मागे कुणी दळतंय का गं?’ आवाज फक्त रेवाच्या मनात नाही हे एका वाक्यात सिद्ध झालं, तेही फुकटात.

पूर्वकथा सांगण्याचा मोह आवरा. शंभर वर्षांपूर्वी या घरात काय घडलं हे निवेदनातून सांगितलं की उरलेल्या चार मिनिटांत प्रेक्षकाला शोधायला काही राहत नाही.

पांढऱ्या साडीतली, केस मोकळे सोडलेली बाई बाजूलाच ठेवा. ती आता कुणाला घाबरवत नाही, आणि त्या चित्रामागे दुखरी बाजूही आहे. नंदुरबारसारख्या भागात आजही बायकांना डाकीण ठरवून छळलं जातं. एखादी व्यक्ती करणी करते असं सांगून तिला त्रास देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. गावातल्या खऱ्या घराबद्दलची किंवा हयात माणसाबद्दलची वदंता उचलून त्यावर फिल्म करू नका. फिल्म दाखवून तुम्ही शहरात परत जाल, पण ते कुटुंब त्याच गावात राहणार असतं.

३. आवाजांची यादी, पटकथेच्या आधी

एका कागदावर फिल्मची सुरुवात ते शेवट अशी आडवी रेघ मारा आणि तिच्यावर फक्त आवाज लिहा. आमच्या उदाहरणात: एसटी निघून गेल्याचा आवाज, कुलूप, कडी, रिकाम्या घरातली पावलं, रातकिडे, आईचा फोन, जातं, स्विच, शांतता, पुन्हा जातं, रेवाचा श्वास, कोंबडा, पाण्याचा तांब्या. ही यादी डोळे मिटून मित्राला वाचून दाखवा. गोष्ट ढोबळपणे कळली तर बैठक पक्की आहे.

यादीत दोन ठिकाणी पूर्ण शांतता असायलाच हवी. दचकवणारा क्षण मोठ्या आवाजामुळे चालतो असं वाटतं, पण खरं काम त्याच्या आधीचे तीन-चार सेकंद करतात, जेव्हा रातकिडेसुद्धा थांबतात. सबंध फिल्मभर मागे घुमणारं संगीत ठेवलंत तर ही संधी हातची गेली.

आता मुख्य आवाज नीट मिळवायचा. जातं शूटिंगच्या वेळी नाही, वेगळं रेकॉर्ड करायचं. मूठभर ज्वारी घालून दळा, कारण रिकामं जातं दगडावर दगड घासल्यासारखं कर्कश वाजतं. तो आवाजही थोडा घेऊन ठेवा, शेवटाकडे उपयोगी पडेल. वेगवेगळ्या वेगांनी दळा आणि प्रत्येक वेग तीन अंतरांवरून रेकॉर्ड करा: माइक जात्यापासून वीतभर लांब, मग दाराच्या उंबऱ्यावर, मग बंद दाराबाहेर. बंद दारातून येणारा आवाज एडिटिंगमध्ये नकली तयार करता येतो, पण खऱ्या दारातून आलेला आवाज वेगळाच लागतो.

एक बारकावा विसरू नका. खुंटा सोडला की वरचा दगड क्षणभर सरकतो आणि मग थांबतो. तो शेवटचा खरडण्याचा आवाज स्वच्छ हवा. रेवा दिवा लावते तेव्हा तोच ऐकू यायला हवा, कारण त्यातून कळतं की कुणीतरी आत्ता, या क्षणाला, खुंट्यावरचा हात काढला. सबंध फिल्ममधली सगळ्यांत भीतिदायक जागा ती आहे आणि तिला एकही दृश्य लागत नाही.

सावधान: नेटवरून उतरवलेले किंकाळ्यांचे आणि कर्रकर्र दारांचे आवाज प्रेक्षकाने हजारदा ऐकलेले असतात. घरातलं खरं दार, खरी कडी, खरी खाट स्वतः रेकॉर्ड करा.

४. पटकथा आणि शॉट डिव्हिजन

पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. चार पानांच्या वर जाऊ नका. भयपटात शांत शॉट लांबतात, त्यामुळे चार पानांची पाच मिनिटं कधी होतात ते कळतही नाही.

शॉट ठरवताना तीन तुकड्यांचा हिशोब ठेवा: पात्र काहीतरी बघतं, ते काय बघतं ते दिसतं, आणि पात्राच्या चेहऱ्यावर काय होतं. नवशिके मधल्या तुकड्यावर जीव टाकतात, म्हणजे भुतावर, मेकअपवर, इफेक्टवर. खरी भीती तिसऱ्या तुकड्यात असते. कधीकधी मधला तुकडा दाखवायचाच नाही. रेवा माजघराचं दार ढकलते, आपल्याला फक्त तिचा चेहरा दिसतो, आणि तिची नजर हळूहळू खाली जमिनीकडे जाते. प्रेक्षक स्वतःच काहीतरी कल्पतो, आणि ते तुमच्या बजेटमध्ये बसणाऱ्या कुठल्याही मेकअपपेक्षा वाईट असतं.

प्रत्येक शॉटसाठी एक ओळ लिहा: क्रमांक, वाइड (लांबून) की क्लोजअप (जवळून), कॅमेरा कुठे, पात्र काय करतं, कुठला आवाज. सोबत काड्यांच्या माणसांची चित्रं काढली तरी पुरे. नवख्या टीमने एका रात्रीत वीस-बावीस शॉटपेक्षा जास्त धरू नयेत. यादी चाळीसची असेल तर दोन रात्री तरी धरा, किंवा शॉट कापा.

तपासा: शूटिंगच्या आधी सगळे शॉट मोबाइलवर, मित्राला रेवाच्या जागी उभं करून, दिवसाउजेडी घ्या आणि ओबडधोबड जोडा. कुठला शॉट कमी पडतोय आणि कुठला उगाच आहे ते घरबसल्या कळतं. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नंतर एडिटिंगच्या टेबलावर हळहळतात.

५. परवानग्या आणि शेजार

खासगी घर असेल तर मालकाकडून तारीख, वेळ आणि जागा लिहिलेलं सहीचं पत्र घ्या. सोसायटीत सेक्रेटरीचं पत्र हवं. कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं एक पत्र प्रत्येकाकडे असू द्या. रात्रीचं शूट असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी लेखी कळवा आणि पोचेची प्रत जवळ ठेवा. पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातले किल्ले आणि लेणी, वनखात्याची जमीन, रेल्वेची हद्द या ठिकाणी मोबाइलवर केलेलं फिल्मचं शूटिंगही परवानगीशिवाय अडचणीत आणतं. पहिल्या फिल्मला या जागा टाळाच. स्मशानात आणि गावदेवाच्या ठाण्यात ‘पटकन एक शॉट’ घेऊ नका. तिथं लोकांची माणसं आणि श्रद्धा असतात.

शेजाऱ्यांकडे स्वतः जाऊन सांगा: आज रात्री अमुक ते अमुक वेळेत मुलगी ओरडेल, घाबरू नका. हे न सांगता किंकाळीचा शॉट घेतला तर लोक काठ्या घेऊन धावत येतात, आणि ते यायलाच हवेत.

६. माणसं, पैसे, वेळापत्रक

पाच-सहा जण पुरेत: दिग्दर्शन, कॅमेरा, उजेड, आवाज, कंटिन्युइटी (एका शॉटमधले कपडे-वस्तू पुढच्या शॉटशी जुळवणं) आणि वेळ सांभाळणारा एक, शिवाय कलाकार. आवाजाचा माणूस फक्त आवाजच करेल. त्याला ‘जरा थर्माकोल धर रे’ म्हणून पळवलं की तुमची फिल्म तिथंच मुकी झाली.

हाताशी समजा ६,००० रुपये आहेत. त्यातले निम्मे जेवण, चहा आणि प्रवासाला ठेवा. रात्री दोन वाजता उपाशी टीमकडून चांगलं काम होत नाही. उरलेल्यातून आधी एक साधा कॉलर माइक, मग बल्ब, होल्डर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि काळं कापड. कॅमेरा भाड्याने आणायचा विचार यानंतर, आणि बहुधा त्याची गरज पडत नाही. थोडे पैसे शेवटपर्यंत हात न लावता ठेवा.

वेळापत्रक कथेच्या क्रमाने लावू नका. उजेडाची मांडणी जशी बदलते तसं लावा. माजघराकडे तोंड असलेले सगळे शॉट एकदम, मग कॅमेरा फिरवून उलट बाजूचे सगळे. अभिनयाचा सगळ्यांत कठीण शॉट मध्यरात्रीच्या आत घ्या. पीठ, कडी, स्विच, तांब्या असे वस्तूंचे क्लोजअप पहाटेसाठी ठेवा. त्यात चेहरा नसतो, त्यामुळे थकवा दिसत नाही.

रात्री काम संपल्यावर प्रत्येक जण घरी कसा पोचणार हे आदल्या दिवशी लिहून ठेवा, मुलींच्या घरी तर पॅकअपच्या वेळेसकट कळवा. सोय नसेल तर सकाळपर्यंत तिथंच थांबायची व्यवस्था करा.

७. उजेड: अंधार करावा लागतो

सगळ्यांत जास्त फिल्म इथं बुडतात. दिवे बंद करून शूट केलं की अंधार मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात मोबाइल आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनक्षमता) वाढवतो, चित्रात राखाडी दाणे नाचू लागतात आणि चेहरा दिसतच नाही. पडद्यावरचा अंधार म्हणजे एक उजळ जागा आणि तिच्याभोवतीचा काळोख. ती उजळ जागाच नसेल तर काळोख नुसता चिखल दिसतो.

त्यातल्या त्यात सोपा उपाय म्हणजे रात्र दिवसा करणं. खिडक्यांवर बाहेरून काळं प्लास्टिक लावा. शेतीच्या दुकानात मिळणारा मल्चिंग पेपर स्वस्त पडतो आणि तो उजेड आत येऊ देत नाही. चंदेरी बाजू बाहेर, काळी आत. भोवतालची टाचणीएवढी भोकंही चिकटपट्टीने बुजवा. उन्हाळ्यात अशी खोली भट्टीसारखी तापते, म्हणून दर दोन-तीन शॉटनंतर दार उघडून हवा येऊ द्या.

रेवा खाटेवर पडली आहे, तो शॉट असा लावा. एक ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब खिडकीच्या उंचीवर, तिच्या डोक्यामागच्या बाजूने, पुढे बटर पेपर. हे चांदणं. पायथ्याशी जमिनीवर पिवळसर उजेडाचा दुसरा बल्ब, थर्माकोलवरून परतवलेला. हा कंदिलाचा उजेड. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ती सेटिंग) ४००० केल्व्हिनच्या आसपास पक्कं करा. पांढरा बल्ब आपोआप निळसर आणि पिवळा बल्ब उबदार दिसेल, दिव्यापुढे रंगीत जिलेटीन कागद लावायची गरज उरणार नाही. समोरून, कॅमेऱ्याच्या बाजूने एकही दिवा नको. समोरच्या उजेडात चेहरा पासपोर्ट फोटोसारखा सपाट होतो.

उजेड कमी-जास्त करायला डिमर नको, अंतर वापरा. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. स्वस्त डिमरमुळे एलईडी लुकलुकतात आणि कॅमेऱ्यात पट्टे येतात.

पांढऱ्या भिंती ही आपल्याकडची खास अडचण. एका बल्बचा उजेड चारही भिंतींवरून परततो आणि सगळी खोली सारखी उजळते. कलाकाराला भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे आणा आणि फ्रेमच्या बाहेरच्या भिंतींवर काळी चादर टांगा. एवढ्याने चित्राला खोलपणा येतो.

सावधान: खरा कंदील आणि मेणबत्त्या वापरू नका. काळं प्लास्टिक, गोधड्या आणि जुनी लाकडं यांच्यामध्ये आग म्हणजे थेट धोका. कंदिलाच्या काचेत छोटा एलईडी बसवा. जुन्या वायरिंगवर एकाच प्लगला सगळे बोर्ड जोडू नका.

तपासा: शॉट लावल्यावर पडद्याचा ब्राइटनेस निम्मा करून बघा. चेहऱ्यावर डोळे दिसतात का? दिसत नसतील तर उजेड वाढवा. नंतर कमी करता येतो, नसलेला आणता येत नाही.

८. कॅमेऱ्याची सेटिंग

मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्याऐवजी सेटिंग हातात देणारं अ‍ॅप घ्या. ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५, शटर (प्रत्येक चित्राला किती वेळ उजेड मिळतो) १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून या शटरवर ट्यूबलाइट आणि बल्बचे पट्टे बहुधा येत नाहीत. ३० फ्रेम आणि ऑटो शटर ठेवलं की ते येऊ शकतात. आयएसओ जमेल तितका खाली ठेवा, फोकस, एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. शॉट चालू असताना चेहऱ्याचा रंग आपोआप बदलला तर तो टेक, म्हणजे शॉटचा तो प्रयत्न, वाया गेला.

मुख्य लेन्स वापरा, डिजिटल झूम नको. लेन्स पुसा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. ट्रायपॉड हवाच. कॅमेरा स्थिर असेल तर फ्रेममधली हललेली एक सावलीही जाणवते, हातात धरलेल्या कॅमेऱ्यात सगळंच हलत असतं. ४के शूट करणार असाल तर आधी एक मिनिट घेऊन फाइल किती एमबी होते ते बघा आणि त्या हिशोबाने जागा मोकळी करा.

९. शूटिंगच्या वेळी

पहिलं काम: पंखा, फ्रिज, पंप बंद. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना तो चालू करायचा राहत नाही.

प्रत्येक टेकच्या सुरुवातीला शॉट क्रमांक मोठ्याने सांगून फ्रेममध्ये टाळी वाजवा. आवाज दुसऱ्या मोबाइलवर किंवा रेकॉर्डरवर वेगळा घेत असाल तर जुळवायला तीच खूण. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही (WAV) फाइलमध्ये. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, कारण कुजबुजीनंतर किंकाळी येणार आहे. किंकाळीचा टेक पातळी उतरवून वेगळा घ्या.

‘अ‍ॅक्शन’नंतर पाच सेकंद काहीही घडू देऊ नका आणि ‘कट’च्या आधी पाच सेकंद थांबा. भयपटात हेच रिकामे सेकंद एडिटरचा खजिना असतात.

दर ठिकाणी सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिटभर खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. हा एक मिनिट नसेल तर संवादांच्या मधल्या भेगा कशाने भरणार?

कंटिन्युइटीवाला दर कटनंतर फोटो काढतो: पीठ कुठल्या हाताला, ओढणी कुठल्या खांद्यावर, कडी वर की खाली. पिठाचे शॉट शेवटी घ्या. एकदा सांडलं की जमीन पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

कलाकाराला न सांगता खरंच घाबरवायचा ‘प्रयोग’ करू नका. चेहऱ्यावर आश्चर्य येतं, अभिनय येत नाही. पुढच्या टेकला विश्वास राहिलेला नसतो, आणि अंधारात दचकलेला माणूस पडून जखमी होतो. दचकण्याचा शॉट आधी दोनदा उजेडात चालवून बघा, कोण कुठून येणार ते कलाकाराला माहीत असू द्या.

रक्त लागणारच असेल तर केकच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. आदल्या दिवशी मनगटावर लावून खाज येते का बघा, डोळ्यांजवळ नको. हा रंग चुन्याच्या भिंतीवरून निघत नाही. चाकू-कोयते पुठ्ठ्याचे किंवा फोमचे, आणि तेही घराबाहेर उघडे न्यायचे नाहीत. लहान मुलं आणि प्राणी या फिल्ममध्ये नकोत.

तपासा: पॅकअपच्या आधी प्रत्येक शॉटचा निदान एक टेक हेडफोन लावून पूर्ण बघा. मग सगळ्या फाइल दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय फोनमधलं काहीही पुसू नका.

१०. एडिटिंग

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. प्रोजेक्ट उघडल्यावर पहिल्यांदा फ्रेम रेट २५ करा. क्लिप टाकल्यावर तो बदलता येत नाही. मोबाइलचं फुटेज अनेकदा बदलत्या फ्रेम रेटचं असतं, आणि मग फिल्मच्या शेवटाकडे ओठ आणि आवाज सुटत जातात. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून ते स्थिर फ्रेम रेटचं करून घ्या, मगच जोडायला बसा.

पहिला कट संगीताशिवाय. मग दोन परीक्षा: आवाज बंद करून बघा, गोष्ट कळते का? डोळे मिटून ऐका, अंगावर काटा येतो का? दुसरी जमली नाही तर शॉट हलवण्याआधी तिसऱ्या टप्प्यातला कागद काढा.

दचकवण्याच्या जागी आधी खोलीचा आवाज हळूहळू उतरवा, मग तीन सेकंद काहीच नाही, मग चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर. अशी जागा सबंध फिल्ममध्ये एकच ठेवा. दुसऱ्यांदा प्रेक्षक तयारीत असतो.

संगीत घ्यायचं तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं किंवा ज्याचा परवाना वाचून ठेवला आहे असंच. लोकप्रिय गाण्याचे दहा सेकंद चालतात हा समज चुकीचा आहे. रंगाचं काम सगळ्यांत शेवटी. काळा आणखी काळा करण्याआधी चेहरा नीट करा, आणि शेवटी ग्रेन इफेक्टने मुद्दाम थोडेसे बारीक दाणे घाला. त्याने नेटवर चढवल्यावर काळ्या भागात पडणारे पायऱ्यांसारखे पट्टे कमी दिसतात.

मोबाइलचा स्पीकर खालचे घुमणारे आवाज जवळपास वाजवतच नाही. तुमची भीती त्या घुमण्यावरच उभी असेल तर फोनवर बघणाऱ्याला काही ऐकूच येणार नाही. जात्याच्या आवाजातली खरखर म्हणूनच जपा, ती फोनवरही पोचते.

११. दाखवण्याआधी

महोत्सवाला पाठवायची असेल तर इंग्रजी सबटायटलची एसआरटी फाइल (मजकूर आणि त्याच्या वेळा असलेली) वेगळी करा, आणि नियमात ‘आधी ऑनलाइन प्रदर्शित नको’ असं लिहिलंय का ते बघून मगच यूट्यूबला हात लावा. प्रसिद्धीसाठी खोटी सीसीटीव्ही क्लिप ‘अमुक गावात दिसलं’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडू नका, ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी खोटी पाटीही नको. अशा अफवांवरून खऱ्या माणसांना मारहाण झाली आहे.

कॉलेजच्या सभागृहात दाखवणार असाल तर आदल्या दिवशी तिथल्याच प्रोजेक्टरवर आणि तिथल्याच स्पीकरवर पूर्ण फिल्म लावून बघा. पडदे लावूनही उजेड येत असेल तर थोडी उजळ केलेली दुसरी प्रत पेनड्राइव्हवर तयार ठेवा. पंखे मोठ्याने वाजत असतील तर तुमची पाच मिनिटं ते बंद ठेवायची आयोजकांना आधीच विनंती करा, आणि आवाजाची पातळी कुठल्या खुणेवर ठेवायची ते ऑपरेटरला कागदावर लिहून द्या.